चौदा ओळींचे पान

३ मार्च, सोमवार

ही वही कोणी वाचणार नाही असे ताईने आज दोनदा सांगितले. मी पुन्हा विचारले तेव्हा म्हणाली, "बाबा रे, इथं पेपर वाचायला वेळ नाही, तुझी वही कधी वाचू?" आणि कपडे वाळत घालायला गेली. वही तिनेच आणली आहे.

मोठ्या घरात प्रत्येकाला रोज वही लिहावी लागे. दिवसभरात मनात काय आले, कोणाशी काय बोललो, काय लपवले. ती थोरले वाचत आणि समासात पेन्सिलीने शेरा मारत. सवयीने मी आताही डावीकडे चार बोटे समास सोडला आहे. शेरा मारणारे कोणी नाही हे लक्षात आल्यावर समास भरून टाकावा असे वाटले, पण पान वाकडे दिसेल म्हणून राहू दिला.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी (असा कोणी नाही, पण नीट लिहिलेले बरे) : मी अकरा वर्षांचा असताना बाबा गेले आणि आई मला व ताईला घेऊन मोठ्या घरात, म्हणजे थोरल्यांच्या आश्रमात, राहायला गेली. प्रार्थना, सेवा, मौन. माझी शाळा सहावीत सुटली. ताई एकोणिसाव्या वर्षी पळून गेली, तेव्हापासून तिचे नाव घ्यायचे नाही असा नियम झाला. माझे अक्षर चांगले म्हणून सोळाव्या वर्षी मला नक्कलखोलीत बसवले. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मी सात महिन्यांपूर्वी निघालो. आता चोवीस वर्षांचा आहे आणि ताई-भावोजींच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत झोपतो.

आज जेवताना मी ताट पुढे घेऊन बसलो होतो. भावोजी म्हणाले, "मेहुणेबुवा, सुरुवात करायला अर्ज द्यावा लागतो का?" मी म्हणालो, आधी तुम्ही घ्या. ते म्हणाले, "मला भूक नाही. तुझं झालं की बघू." गेले कित्येक महिने भावोजींना वेळेवर भूक लागत नाही. माझे झाले की मात्र दोनदा वाढून घेतात. मी ताईला म्हटले, त्यांना एकदा डॉक्टरांना दाखव. ती तोंडावर पदर धरून आत गेली.

६ मार्च, गुरुवार

बाइंडिंगच्या दुकानात मी वह्यांची शिलाई करतो, पुठ्ठे कापतो आणि चिकटवायची खळ शिजवतो. मालक साठीचे आहेत. मी मालक म्हटले की म्हणतात, "मालक कुत्र्याला असतो. काका म्हण." मला ते कारकून म्हणतात, कारण मी पुठ्ठा कापण्याआधी पुन्हा पुन्हा मोजतो.

मोठ्या घराला वह्या पूर्वी काकाच पुरवत. दर महिन्याला त्या न्यायला मी यायचो, काचेच्या टेबलावर चिठ्ठी ठेवायचो आणि एक शब्द न बोलता गठ्ठा उचलायचो. ऑगस्टमध्ये असाच आलो. गठ्ठा उचलला आणि पाय उंबऱ्याबाहेर पडेना. किती वेळ उभा होतो माहीत नाही. टेबलाच्या काचेखाली एक कागद पालथा ठेवला होता, तो काढून काकांनी माझ्यापुढे धरला आणि फोन सरकवला. कागदावर ताईचा नंबर होता. पाच वर्षांपूर्वी ती देऊन गेली होती. वह्या न्यायला येतो तो माझा भाऊ आहे, कधी थांबला तर एवढा लावून द्या. पाच वर्षे मी त्याच काचेवर चिठ्ठ्या ठेवत होतो. कोणाचे आभार आधी मानावे ते ठरत नाही.

त्यानंतर काकांनी मोठ्या घराचे काम सोडून दिले. मी कारण विचारले तर म्हणाले, "कागद परवडेना." पण शाळांच्या वह्या त्याच कागदाच्या होतात. काकांचा धंदा कधीकधी मला कळत नाही.

१२ मार्च, बुधवार

आज दुकानात एक वकीलबाई आल्या. सोबत मोठ्या घराच्या शिवणघरातल्या एक बाई होत्या. मी त्यांना हातांवरून ओळखले. मोठ्या घरात बायकांकडे मान वर करून बघायचे नाही, त्यामुळे चेहरा मी आजच नीट पाहिला.

बाई दीड वर्षापूर्वी तिथून निघाल्या. मुलगी आठ वर्षांची आहे. तिला बरोबर नेऊ दिले नाही. ती अजून आत, वडिलांजवळ आहे. बाईंनी कोर्टात मुलगी मागितली आहे. वडिलांनी उलट बाईंच्याच वह्यांच्या नकला दाखल केल्या आहेत, ही बाई आई म्हणून कशी आहे ते तिच्याच शब्दांत वाचा म्हणून.

वकीलबाईंनी झेरॉक्स पुढे ठेवली. "अक्षर ओळखता?"

माझेच होते.

नक्कल म्हणजे काय ते लिहितो. थोरले वही वाचत आणि नको त्या ओळींवर पेन्सिलीने रेघ मारत. उरलेले मी कोऱ्या कागदावर उतरवायचो. ज्याची वही, तो प्रत्येक पानाखाली सही करायचा. सहीआधी वाचून बघणे म्हणजे अविश्वास, म्हणून कोणी वाचत नसे. मूळ वही भिजवून तिचा लगदा करायचा. आणि वहीचे एक पान म्हणजे नकलेचेही एकच पान, हा नियम. थोरले पाने मोजत.

झेरॉक्सवर लिहिले होते : "आज मुलगी दिवसभर खोलीत एकटी होती. बाहेरून कुलूप होते. ती रडत होती ते मला ऐकू येत होते. मी उठले नाही." खाली बाईंची सही.

वकीलबाईंनी विचारले, "यांनी एवढंच लिहिलं होतं का?"

बाई खळीच्या पातेल्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

"कुणाला विचारून?"

मी पुठ्ठा पुन्हा मोजायला घेतला. तारीख आठ एप्रिलला आहे.

१३ मार्च, गुरुवार

खळ जळाली. दुसरी केली, तीही जळाली. काका म्हणाले, "राहू दे, आज नुसते कागद मोज. ते तरी जळत नाहीत."

१५ मार्च, शनिवार

मला ते पान आठवते. जी ओळ उतरवायची ती हातातून निघून जाते, डोक्यात राहत नाही. जी गाळायची ती मात्र नीट वाचावी लागते, चुकून लिहिली जाऊ नये म्हणून. आठ वर्षांत मला गाळलेल्या ओळीच पाठ झाल्या.

'ऐकू येत होते' याच्या पुढे असे होते : "शिवणघराच्या दाराशी दोघी बसवल्या होत्या. मी उठले, मला बसवले. पुन्हा उठले, पुन्हा बसवले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा माझे मशीन दारासमोर आडवे लावले. किल्ली थोरल्यांकडे होती. मी चिठ्ठी पाठवली, तिला निदान पाणी द्या. चिठ्ठी परत आली, तिच्यावर लिहिले होते, मौन. चौथ्यांदा मी उठले नाही."

पेन्सिलीची रेघ 'मौन'पर्यंत होती. 'चौथ्यांदा'वर नव्हती. पण आधीचे सगळे गेल्यावर तो शब्द लोंबकळत राहिला. वाचणाऱ्याला प्रश्न पडला असता, चौथ्यांदा म्हणजे काय. म्हणून तो मी काढला. मला कोणी सांगितले नव्हते. थोरल्यांनी पान पाहिले आणि म्हणाले, "याला न सांगता कळतं." मला आनंद झाला होता. आठवडाभर पुरला.

थोरल्यांनी काय केले ते कोर्टात सांगता येईल असे वाटते. हे सांगता येईल असे वाटत नाही.

ताई भांडी पुसत होती. मी विचारले, "मी काय करू?"

"मी नाही सांगणार."

"का?"

"सांगितलं तर तू लगेच करशील, म्हणून."

मला राग आला. जवळजवळ अर्धा तास होता. मोठ्या घरातून आल्यापासून हा पहिलाच असावा. ताईला सांगितले तर म्हणाली, "बरं झालं," आणि चहा ठेवला. राग आलेल्या माणसाला चहा का द्यायचा ते मला समजले नाही, पण चहा चांगला होता.

२० मार्च, गुरुवार

आज वकीलबाईंना फोन करून हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "जे आठवतं ते तुमच्या शब्दांत लिहून आणा. काही सोडू नका."

भावोजींना म्हणालो, मला कोर्टाची भीती वाटते. ते फ्रिज दुरुस्त करतात, एक उघडा फ्रिज आमच्या खोलीतही आहे. त्यात डोके घालूनच ते म्हणाले, "मी गेलो होतो की एकदा. गिऱ्हाइकाशी भांडण झालेलं. पिंजऱ्यात उभा राहिलो आणि न्यायाधीशांना विचारलं, साहेब, आत येऊ का. आतच होतो मी. सगळं कोर्ट हसलं, भीती पळाली."

नंतर ताई म्हणाली की हे कोर्टाची पायरी कधी चढलेलेच नाहीत. भावोजी एरवी खोटे बोलत नाहीत. असो. मला मात्र बरे वाटले होते.

२३ मार्च, रविवार

जबाबाची कच्ची सहा पाने झाली. खाडाखोड फार. दोन ठिकाणी कागद फाटला. आज दुपारी बसून कोऱ्या कागदावर पक्के उतरवले. पट्टीने फिकट रेघा आखून, वर लिहून, मग रेघा खोडून. एकही खाडाखोड नाही. फार दिवसांनी मन इतके शांत झाले.

२४ मार्च, सोमवार

पक्की पाने शिवून घ्यावी म्हणून दुकानात नेली. काकांनी ती वाचली नाहीत. छापखान्यातून आलेला कागद धरतात तशी हात लांब करून उजेडात धरली.

"कारकुना, चौथं पान सैल का रे?"

"सैल म्हणजे?"

"बाकी पानांवर बावीस ओळी. माझ्याच वहीचा साचा तुझ्या हातात बसलाय. याच्यावर सोळा. पसरून लिहिलंयस."

मी कच्चे चौथे पान काढले. 'चौथ्यांदा' हा शब्द मी स्वतः काढला, हे मी त्यावर लिहिले होते. थोरले काय म्हणाले, मला किती आनंद झाला, तेही. एकूण सहा ओळी. पक्क्या पानावर त्यांतली एकही नव्हती. कोणी रेघ मारली नव्हती. मी गाळल्या, आणि पान भरलेले दिसावे म्हणून उरलेल्या ओळी लांब लांब आखल्या. आणि हे मला कळलेही नाही.

मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसलो. काकांनी पाणी दिले. त्यांना सगळे सांगितले.

"किती वर्षं केलंस हे काम?"

"आठ."

"मग आठ वर्षं वळवलेला हात एका रविवारी सरळ होतो का? वाकलेला पुठ्ठा नाही तो, दाबला की सपाट. ऊठ, खळ बघ, नाहीतर तिसरं पातेलं जाईल."

खळ ढवळताना एकदम लक्षात आले. मी इथे पसरले, तसे तिथेही पसरलेच असणार. वहीच्या पानावर बावीस ओळी, रेघ मारून आठ गेल्या, तरी पान एकच ठेवायचे. काकांच्या फोनवरून वकीलबाईंना लावला आणि म्हणालो, नकलेच्या प्रत्येक पानावरच्या ओळी मोजा.

त्या मोजू लागल्या. "बावीस. एकवीस. वीस. एकवीस. हे ते पान... थांबा." त्या पुन्हा पहिल्या ओळीपासून मोजू लागल्या. "चौदा. आणि केवढं अंतर सोडलंय. आम्ही चार जणांनी हे पान पाहिलंय, कुणाच्या लक्षात नाही आलं."

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "बावीस ओळींचा साचा माझा आहे म्हणावं. हवं तर मी येतो सांगायला. सदरा इस्त्री करून ठेवतो."

आता कच्ची पानेच देणार आहे, खाडाखोडीसकट. लाज वाटते. पण काकांना चौथे पान सैल दिसले याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. त्यांना तसे सांगितले तर म्हणाले, "जन्मभर नको, पुठ्ठे आज कापून दे."

८ एप्रिल, मंगळवार

हातांना अजून घाम आहे. अक्षर बिघडले तर बिघडो.

न्यायाधीश बाई होत्या, चष्मा खाली ओढून बघणाऱ्या. थोरले आले नव्हते. मुलीचे वडील आले होते, त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांच्या वकिलांनी मला विचारले, "तीन वर्षांपूर्वीचं शब्दन्शब्द आठवतं म्हणता. परवा दुपारी काय जेवलात, ते आठवतं?"

मी सांगितले. पाणी किती वेळा प्यालो आणि मीठ दोनदा मागितले तेही सांगितले. मागे कोणीतरी हसले. वकील म्हणाले, "म्हणजे पाठांतर चांगलं आहे. हे गाळलेलं कुणी पाठ करून घेतलं?" मी म्हणालो, "कुणीच नाही. गाळलेलं लक्षात राहतं."

मग आमच्या वकीलबाईंनी ओळी मोजण्याविषयी सांगितले. काकांनी वहीचा साचा दाखवला. न्यायाधीशबाईंनी मूळ नकला मागवल्या आणि पेनाचे टोक ठेवत स्वतः मोजू लागल्या. चौदापाशी त्या थांबल्या. पान तिरपे करून उजेडात धरले. खोडलेल्या रेघांच्या खुणा राहतात, कितीही खोडल्या तरी.

"रेघा तुम्ही आखल्या?"

"हो."

"आणि 'चौथ्यांदा' हा शब्द? तो कुणी काढला?"

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याही नाही."

"मग का?"

"पान नीट दिसावं म्हणून."

न्यायाधीशबाईंनी काही तरी लिहिले. मी चुकून तिकडे पाहिले तर शिवणघरातल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत काय होते ते मला सांगता येणार नाही. रागही होता.

बाहेर आल्यावर भावोजींनी माझा हात धरला आणि बसस्टॉपपर्यंत सोडला नाही. म्हणाले, त्यांना रस्ता ओलांडायची भीती वाटते.

११ एप्रिल, शुक्रवार

वकीलबाईंचा फोन. नकलांवर विसंबता येणार नाही असे न्यायाधीशबाईंनी लिहिले आहे. शेवटचा निकाल लागेपर्यंत मुलगी आईजवळ राहील. वडिलांना दर रविवारी भेटता येईल. "केस संपलेली नाही," त्या म्हणाल्या, "पण आज संध्याकाळी पोरगी घरी येतेय."

ताई रडली. भावोजी म्हणाले, "चला, आता जेवा." मी ताट वाढून घेतले आणि खाऊ लागलो. अर्धे झाल्यावर लक्षात आले की आपण कोणाकडे बघितलेच नाही. भावोजींनाही आज वेळेवर भूक लागली होती.

१९ एप्रिल, शनिवार

शिवणघरातल्या बाई दुकानात आल्या, मुलीला घेऊन. मुलगी कागदाच्या गठ्ठ्यावर चढून बसली आणि मला म्हणाली, "ओळी मोजणारे ते तुम्हीच का?" मी हो म्हणालो.

बाईंना काय म्हणायचे ते मी आठ दिवस तयार केले होते. पहिल्याच वाक्याला त्यांनी थांबवले.

"माफीचं नंतर बघू. राग आहे माझा तुमच्यावर. तो राहील अजून." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ही रोज विचारते, मी लहान असताना कशी होते. मला सांगता येत नाही. तिथे सगळे दिवस सारखे, डोकंच रिकामं होऊन गेलं. पण मी लिहायचे. रोज हिच्याबद्दल काही ना काही लिहायचे. त्या वह्या तर गेल्या."

मला आधी कळले नाही. मग कळले. मुलांविषयीच्या ओळी म्हणजे मोह. थोरले त्यांवर न चुकता रेघ मारत. एक उरू देत नसत.

"तुम्हीच म्हणालात कोर्टात," बाई म्हणाल्या, "गाळलेलं लक्षात राहतं."

काकांनी एक नवी वही माझ्यापुढे टाकली आणि पुठ्ठे मोजायला आत गेले. पुठ्ठे मी सकाळीच मोजले होते.

मी बाईंच्याच शब्दांत लिहू लागलो. ती भिंत सोडून चार पावले चालली. तिने दोऱ्याचे रीळ गिळले असे वाटून मी घाबरले, ते तिच्या मुठीत होते. तिला ताप, पण माझ्या बोटावरची सुईची खूण फुंकत बसली. एकेक ओळ झाली की मुलगी वाकून मोठ्याने वाचायची. बाई उभ्याच होत्या.

मग ही ओळ आठवली : "मौनाच्या तासाला ती खळखळून हसली. थोरल्यांच्या टकलावर माशी बसली होती, ती उडेना. मीही मनात हसले." याच्या पुढे आणखी एक वाक्य होते. माझा हात थांबला. मुलगी समोर होती. मी बाईंना विचारले, "पुढचंही लिहू?"

"काय होतं पुढे?"

मी हळू सांगितले. बाईंनी स्टूल ओढले आणि पहिल्यांदा बसल्या. म्हणाल्या, "सगळं लिहा."

मी लिहिले : "याची शिक्षा मला द्यावी, तिला नको."

मुलीने वाचले. आईकडे वळून विचारले, "मग तुला शिक्षा झाली?"

"झाली. चार दिवस एकटीनं सगळ्यांची भांडी घासली."

"मला?"

"तुला नाही."

मुलीने जरा विचार केला. "आणि माशीला?"

बाईंनी मान वर केली. म्हणाल्या, "माशी सुटली," आणि हसायला लागल्या. आधी थोडे, मग थांबेना. मुलगीही हसली, आतून काकांचा खोकल्यासारखा आवाज आला. मी पुढची ओळ लिहायला घेतली तर मुलीने वहीवर हात ठेवला. म्हणाली, "थांबा, आधी हीच परत वाचू."